तीन शब्द आणि अण्णांची बशी

मी नोकरीभर किल्ल्या तयार केल्या, पण त्यातली एकही कुणाच्या हातात दिली नाही. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई निवृत्त झाल्यापासून कोड्यात बोलायला लागल्या. तसं काही नाही. माझ्या किल्ल्या आकड्यांच्या होत्या. त्या कॉम्प्युटरच्या पोटात तयार व्हायच्या, कुलूप उघडायच्या आणि तिथंच पुसल्या जायच्या. पुढं पुण्याच्या कंपन्यांत मी हेच काम चांगल्या पगारावर आणि फाडफाड इंग्रजीत केलं. पण या कामाबद्दल लिहायचं म्हटलं की मला आठवतो तो कळंब आणि वाशीच्या मधल्या माळावरचा आमचा सहकारी साखर कारखाना. ऐंशीचं दशक सरत आलेलं, विहिरी तळाला गेलेल्या, आणि सगळा कारखाना एका बशीपायी अडून बसलेला. बशीवर मी येतेच, पण आधी कुलपाचं सांगते.

मी लागले तेव्हा जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं आणि माझ्या हुद्द्याला नावच नव्हतं. गणितात एम.एस्सी. झालेली, पुण्याला जाऊन सी नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिकून आलेली, कळंबच्या एका शाळामास्तरांची लेक, एवढीच माझी ओळख. येईल तो आधी विचारायचा, "आडनाव काय म्हनलात?" आडनावावरून गल्ली, गल्लीवरून वस्ती आणि वस्तीवरून जात, असा त्यांचा हिशेब. मी म्हणायची, "मशीनला आडनाव लागत नाही." आमची वस्ती बौद्धांची, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगायचंच. पण एक रात्र तरी बिचाऱ्यांना झोप लागायची नाही, आणि मला त्यात फार समाधान वाटायचं.

कॉम्प्युटरच्या खोलीला एसी होता, सबंध कारखान्यात तेवढा एकच. त्यामुळं बाहेर माळ तापला की संचालकांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना कॉम्प्युटरशी काम निघायचं. चपला दाराबाहेर काढून लोक आत यायचे आणि मशीनकडं बघत गार हवा खात उभे राहायचे. एसीचं पाणी एका नळीतून बाहेर बादलीत ठिबकायचं, आणि त्या दुष्काळात त्या बादलीवरूनही भांडणं होत. शेवटी ती बादली सोनाबाईंनी जिंकली.

सोनाबाई म्हणजे वाशीकडच्या एक सभासद. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, दोन एकर ऊस आणि एक शेळी. एसटीनं यायच्या, दाराबाहेर बादलीशेजारी मांडी घालून बसायच्या आणि जाताना ते पाणी शेळीसाठी डब्यात भरून न्यायच्या. पण पाणी हे निमित्त. त्या माझ्यावर लक्ष ठेवायला यायच्या.

"बाई, माझ्या उसाची नोंद लवकरची आन तोड दरसाली शेवटची," त्यांनी मला पहिल्याच भेटीत सुनावलं. "हे मशीन म्हनं कुनाला वळखत न्हाय. खरं हाय का?"

"खरं आहे, मावशी."

"मग बगू," म्हणून त्या बसल्या त्या बसल्याच.

बाहेरच्यांना यातली गोम कळायची नाही, म्हणून सांगते. साखर कारखान्यात ऊस कुणाचा आधी तोडायचा हे लागवडीच्या नोंदीवरून ठरतं. ज्याची लागवड आधीची, त्याच्या फडात तोडणाऱ्यांची टोळी आधी. टोळीला चिठ्ठी मिळाल्याशिवाय कुणाच्या उसाला कोयता लागत नाही. पाणी मुबलक असेल तर महिनाभर मागंपुढं झालेलं चालतं. दुष्काळात मात्र उभा ऊस आतून पोकळ पडतो, वजन जातं, आणि ज्याचा शेवटी तुटतो त्याच्या हाती पाचट तेवढं राहतं. म्हणून सगळं राजकारण त्या क्रमात. कुणाचा मेहुणा, कुणाचा व्याही, कुणाचा बूथवरचा कार्यकर्ता, सगळे रातोरात वर चढायचे आणि सोनाबाईंसारख्या खाली घसरायच्या.

माझं पहिलं काम हा क्रम कॉम्प्युटरवर लावण्याचं होतं. मी तो लावला. जेवायला गेले, परत आले, तर चेअरमनसाहेबांच्या पुतण्याचा ऊस वर गेला होता. पुतण्या शेतकी खात्यात होता आणि त्याला टायपिंग येत होतं, ही दोन्ही दुर्दैवं एकाच माणसात गोळा झाली होती. अण्णांनी हे प्रकरण बोर्डाच्या मिटिंगमध्ये काढलं. अण्णा म्हणजे विरोधी गटाचे पुढारी, पांढरी टोपी, मोठा आवाज. त्यांनी टेबलावर मूठ आपटली, तेव्हा चेअरमनसाहेब मला सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, असं कुलूप करा की मला सुदिक उघडता आलं न्हाय पायजे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिटिंग संपल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेत म्हणाले, "हां, आता मला कसं उघडता येईल ते सांगा." पंधरा मिनिटांनी जिन्यात अण्णांनी गाठलं. "लेकी, चेअरमनला उघडता न्हाय आलं पायजे हे बेस झालं. मला किती दिवसांत शिकवता?"

मी दोघांनाही म्हटलं, बघते. आणि घरी जाऊन ठरवलं की या दोघांपैकी एकट्याला कधीच उघडता येणार नाही असंच करायचं.

युक्ती आमच्या गावच्या देवळातल्या दानपेटीची. पेटीला तीन कुलपं, तीन पंचांकडं तीन किल्ल्या, तिघं हजर असल्याशिवाय झाकण हलत नाही. माझी तीन माणसं ठरली: चेअरमनसाहेब, अण्णा आणि कासिमचाचा. चाचा तेरखेड्याचे. फटाक्यांचा त्यांचा छोटा कारखाना होता, थोडा ऊसही होता, आणि दोन्ही गटांच्या लग्नांत बार त्यांचेच उडत असल्यामुळं ते कुठल्याच गटाचे नव्हते. तिघांनी आपापला एक गुपित शब्द ठरवायचा, तो कुणालाही सांगायचा नाही, मलासुद्धा नाही. दर सोमवारी आणि गुरुवारी तिघांनी यायचं, आपापला शब्द टाईप करायचा, फाईल उघडायची, आणि पुढच्या तीन-चार दिवसांच्या तोडणीच्या चिठ्ठ्या छापायच्या.

आता किल्ली कशी निघायची ते. माणसाचा शब्द हा माणसासारखाच कच्चा असतो. कुलपाला लागतो लांबलचक, अंदाज न येणारा आकडा. तो शब्दांतून काढावा लागतो. मी तीन शब्द एकत्र करायची, त्यात दर फाईलला वेगळा असा एक आकडा चिमूटभर टाकायची, आणि ते सगळं मशीनकडून घोटून घ्यायची. एकदा घोटून जे निघेल ते परत खलात, परत घोटायचं, असं हजारो वेळा. शेवटी उरेल ती किल्ली. तिच्यावरून मूळ शब्द कुणाच्या बापाला ओळखू यायचे नाहीत. काम झालं की मशीनच्या स्मरणातली ती जागा मी शून्यांनी पुसून टाकायची. ही सगळी कामं सीमध्ये एकदाच नीट लिहून ठेवली, लागतील तेव्हा हाक मारायची. अशा गठ्ठ्याला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. मी बोर्डाला सांगितलं की लायब्ररी लिहिते आहे, तर बोर्डानं पुस्तकांसाठी एक कपाट मंजूर केलं. ते मी जेवणाचे डबे ठेवायला वापरलं. आजचे तज्ज्ञ माझी ती घोटण्याची रीत पाहून हसतील, आणि हसावंच. पण त्या काळी त्या माळावर तिला तोड नव्हती.

चेअरमनसाहेबांना मात्र एक गोष्ट शेवटपर्यंत पचली नाही. "किल्ली ठेवता कुठं?"

"ठेवतच नाही, साहेब. दर वेळी नवी जन्मते आणि मरते."

त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुतण्याला माझं कपाट तपासायला पाठवलं. त्याला भाकरी आणि ठेचा सापडला.

चाचांना मात्र लगेच उमगलं. "आमच्यात बी असंच असतं बेटी. मसाला तोच, पर कशात काय आधी आन किती घोटायचं, त्याच्यावर बार ठरतो. फुटल्यावर कागदाच्या चिंधीवरनं कुनी सांगावं काय घातलं हुतं?"

शब्द ठरवताना मी बजावलं होतं: देवाचं नाव नको, बायकोचं नको, गावाचं नको, बैलाचं नको. अण्णा वैतागले, "मग मानसानं घालावं तरी काय?" पहिल्या दिवशी पडद्यावर अक्षराऐवजी चांदण्या उमटत होत्या, तर चेअरमनसाहेब अण्णांच्या चांदण्या मोजताना सापडले. मी चांदण्याही काढून टाकल्या. शब्द घालताना मी भिंतीकडं तोंड करून उभी राहायची आणि बाकीचे दोघं माझ्या शेजारी. एका बोटानं टकटक करत एकेक संचालक लिहितोय आणि तीन माणसं भिंतीकडं बघत उभी आहेत, हे दृश्य बापू शिपाई दारातून बघायचा आणि तोंडात पंचा कोंबून हसायचा.

सुरुवातीला घोटणं मिनिट-दोन मिनिटांत उरकायचं. मग पुतण्यानं एका दुपारी बसून अंदाजानं शब्द घालायला सुरुवात केली. चुलत्याचा शब्द त्याला कळला असावा, बाकीचे दोन तो चाचपत होता. मी फक्त प्रोग्राममधला एक आकडा वाढवला, म्हणजे मशीननं अजून कितीतरी पट घोटावं. आता एकेका अंदाजाला निवांत चहा होईल एवढा वेळ लागायला लागला. पुतण्यानं तीन कप चहा घेतले आणि घरी गेला. अंदाज बांधणाऱ्याला प्रत्येक अंदाजामागं ताटकळत ठेवायचं, हीच या घोटण्यामागची सगळी अक्कल.

पण मग तेवढाच वेळ आमच्या तिघांनाही लागणार, हे ओघानं आलं. शब्द घालून झाला की तिघं तीन खुर्च्यांवर बसायचे, बापू चहा आणायचा, मशीन घोटायचं. आता यात मौज अशी की चेअरमनसाहेब आणि अण्णा दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कुठल्याशा लग्नात अण्णांचं नाव पुकारून टॉवेल-टोपी द्यायला उशीर झाला होता आणि माईक चेअरमनसाहेबांच्या माणसाकडं होता. हाताला हात लागेल इतक्या जवळ बसून दोघं चाचांच्या मार्फत बोलायचे.

"चाचा, त्यास्नी सांगा, वाशी गटात टोळ्या कमी पडत्यात."

"चाचा, त्यास्नी सांगा, मला बी दिसतंय."

चाचा चहाचा घोट घेत म्हणायचे, "दोघांनी बी ऐकलंय." अशा रीतीनं क्रम चालू होता आणि पहिल्यांदाच तो जसाच्या तसा चालू होता. सोनाबाईंचं नाव हळूहळू वर सरकत होतं. त्यांच्या विहिरीत आता बेडूकसुद्धा राहिला नव्हता. एका गुरुवारी चिठ्ठ्या छापताना मी पुढची पानं बघितली आणि बाहेर येऊन सांगितलं, "मावशी, सोमवारी तुमची चिठ्ठी निघणार. मंगळवारी टोळी फडात."

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. "बाई, पोकळ पडाया लागलाय गं. मंगळवार म्हंजी मंगळवार व्हय ना?"

मी म्हटलं, व्हय.

सोमवार आला, आणि आता ती बशी. पाण्याच्या टंचाईमुळं बापू कपबश्या राखेनं घासून पुसून घ्यायचा. त्या दिवशी राखेच्या हातातून एक बशी निसटली. त्या दिवशी चहा नेहमीपेक्षा आधीच आला. तिघांना कप होते, पण बश्या दोनच. बापूनं एक चेअरमनसाहेबांना दिली, एक चाचांना, आणि अण्णांपुढं नुसता कप ठेवला. तोवर चेअरमनसाहेबांचा आणि चाचांचा शब्द घालून झाला होता.

अण्णांनी कपाकडं बघितलं. मग बापूकडं. "ही कुठली रीत?"

"बशी फुटली, अण्णा."

"माझीच बरी फुटली!" अण्णा उठले. टोपी सारखी केली. "सांगा त्यास्नी, उघडा म्हनावं आता." आणि शब्द न घालता चपला पायात सरकवून निघून गेले.

खरं सांगते, मला आधी हसू आलं आणि मग फार राग आला. माझ्या आजोबांचा कप गावच्या हॉटेलाबाहेर वळचणीला अडकवलेला असायचा. स्वतः काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, स्वतः विसळायचा, परत अडकवायचा. त्यांनी जन्मात बशी मागितली नाही, कारण ती मिळणारच नव्हती. आणि इथं एक माणूस बशी नाही म्हणून अख्खा कारखाना बंद पाडायला निघाला होता. पण अपमान कशाला म्हणतात हेही आमच्या घरात चांगलं ठाऊक होतं, म्हणून अण्णांना नुसतं वेडं ठरवून मला मोकळं होता येईना.

आवारात उद्या संध्याकाळपर्यंत पुरेल एवढाच ऊस होता. टोळ्या चिठ्ठीची वाट बघत बसून होत्या. पुतण्या तेवढ्यात हजर. "काका, दोन दिस हातानंच चिठ्ठ्या लिहू की. माझ्याकडं नावं तयार हायेत." ती नावं कुणाची असणार हे एसीच्या नळीलाही माहीत होतं. एकदा हातानं चिठ्ठ्या सुरू झाल्या की मशीन उरणार फक्त गार हवेसाठी, आणि सोनाबाई जाणार सगळ्यात शेवटी.

चेअरमनसाहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं. "बाई, आता खरं सांगा. तुमच्याकडं चौथी किल्ली असंल."

"नाही, साहेब."

"अहो, तुमीच बनवलंय. ठिवली असंलच की बाजूला. मी रागावत न्हाय."

"खरंच नाही. तुम्हीच म्हणाला होतात, मलाही उघडता येऊ नये असं करा."

"ते मिटिंगमधी म्हनलो हुतो!" ते कळवळून ओरडले.

त्यांचा विश्वास बसेना. ज्या संस्थेत प्रत्येक कामाला मागचं दार असतं, तिथं मागचं दारच न ठेवणारी बाई त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. "उद्या दुपारपर्यंत बगतो," ते म्हणाले, "न्हायतर हातानं चिठ्ठ्या, आन ह्या खोलीत दुसरं मानूस."

चाचा टेम्पो घेऊन अण्णांच्या गावी जाऊन आले. निरोप आला: ज्याच्या कारखान्यात बशी न्हाय त्यानं यावं. चेअरमनसाहेब म्हणाले, "म्या? बशीपायी?" बापू रडकुंडीला येऊन स्वतःच्या घरची बशी घेऊन निघाला, तर त्यालाही अडवलं, कारण शिपायाच्या घरची बशी पाठवली तर दुसरा अपमान. मंगळवारची सकाळ अशी गेली. सोनाबाई दाराबाहेर बसून सगळं ऐकत होत्या. मी बाहेर आले तेव्हा मला त्यांच्याकडं बघवेना.

"मावशी, मला उघडता येत नाही. कुणाला खरं वाटत नाही, पण येत नाही."

"मला वाटतंय," त्या म्हणाल्या. "तुला येत असतं तर ह्यांनी कवाच तुझ्याकडनं उघडून घेतलं असतं." आणि उठून, लुगड्याची धूळ झटकून, सरळ चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. मी मागोमाग.

साहेब चहा पीत होते. सोनाबाई टेबलाशी उभ्या राहिल्या. "साहेब, तुमची बशी द्या."

"कशाला?"

"अण्णाला द्याया. मग तुमच्या बी कपाखाली बशी न्हाय आन त्यांच्या बी नव्हती. फिटंफाट."

चेअरमनसाहेबांनी कप टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता हाकलतात. पण त्यांनी बशीतला सांडलेला चहा कपात ओतला, बशी आपल्या टॉवेलनं पुसली आणि पुढं केली. "न्या. पन म्या पाठवली म्हनू नका."

"न्हाय म्हनत. चोरून आनली म्हनते."

सोनाबाई बशी पदरात गुंडाळून चाचांच्या टेम्पोत बसल्या, आणि फटाक्यांच्या खोक्यांमधून ती बशी अण्णांच्या ओसरीवर पोचली. पुढचं चाचांनी सांगितलं. सोनाबाईंनी बशी अण्णांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "चेअरमनच्या कपाची हाय. साहेब आता कपाखाली हात धरून चहा पितुया. माझा ऊस वाळतुया. चला." अण्णा आधी हसले, मग आपण हसलो म्हणून चिडले, आणि मग टोपी शोधायला लागले.

जेवणवेळेला टेम्पो आवारात शिरला. अण्णा बशी हातात घेऊनच उतरले. कुणाशी न बोलता खोलीत आले. आम्ही भिंतीकडं तोंडं केली. चेअरमनसाहेबांनी शब्द घातला, चाचांनी घातला, शेवटी अण्णांनी घातला. मशीन घोटायला लागलं. कुणी चहा मागितला नाही. दारात पुतण्या नावांचा कागद घेऊन उभा होता आणि त्याच्या पलीकडं सोनाबाई.

घोटून झालं आणि पडद्यावर आलं: किल्ली चुकली.

या पद्धतीचा एक गुण म्हणा, दोष म्हणा, असा की तीन शब्द एकत्र घोटल्यावर चूक कुणाची हे मशीनलाही कळत नाही. चेअरमनसाहेबांनी अण्णांकडं बघितलं, अण्णांनी त्यांच्याकडं. दोघांचेही ओठ हलायच्या आत चाचा म्हणाले, "माझं चुकलं असंल. म्हातारं बोट. परत घालू."

परत भिंत, परत टकटक, परत घोटणं. या खेपेला बापू चहा घेऊन आला. चाचांना कपबशी, अण्णांना कप आणि त्यांनी आणलेली बशी, चेअरमनसाहेबांना नुसता कप. चहा उकळता होता. साहेब कप या हातातून त्या हातात करत होते. खाली ठेवावा तर मशीनच्या टेबलावर मी चहा ठेवू देत नव्हते, हे त्यांना माहीत होतं. अण्णांनी थोडा वेळ ते बघितलं. मग आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशी त्यांच्यापुढं धरली.

"घ्या. बोटं भाजत्याल."

चाचांच्या मार्फत नव्हे, सरळ. चेअरमनसाहेबांनी आपला कप बापूकडं दिला, बशी दोन्ही हातांत घेतली, घोट घेतला आणि म्हणाले, "साखर लई झालीय."

"कारखाना कुनाचा हाय?" अण्णा म्हणाले.

मी पडद्याकडं बघत होते, पण मला पडदा नीट दिसत नव्हता. तेवढ्यात फाईल उघडली. प्रिंटर करकरायला लागला. सोनाबाईंचं नाव जिथं होतं तिथंच होतं. मी चिठ्ठी फाडून दारात त्यांच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी ती बराच वेळ डोळ्यांसमोर धरली. मंगळवारचा बुधवार झाला, पण टोळी फडात गेली आणि ऊस तुटला. पुतण्याच्या कागदात बापूनं नंतर भजी बांधून आणली.

काही दिवसांनी मी चाचांना विचारलं, "चाचा, त्या दिवशी खरंच बोट चुकलं होतं?"

ते मिशीत हसले. "बेटी, वात आखूड ठिवली तर बार हातातच फुटतो. त्या दोघास्नी एक चहा कमी पडत हुता."

पुढच्या हंगामात नवं मशीन आलं, जुन्यापेक्षा कितीतरी वेगवान. मी आनंदानं सगळी लायब्ररी त्यावर चढवली. आता बापू किटली उचलायच्या आत घोटून व्हायचं. तिघं यायचे, शब्द घालायचे, चिठ्ठ्या निघायच्या, तिघं जायचे. खुर्च्या नुसत्याच मांडलेल्या राहायच्या. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. आणि मग एका गुरुवारी माझ्या कानावर पडलं, "चाचा, त्यास्नी सांगा, वाशी गटात टोळ्या कमी हायेत."

चिठ्ठ्या निघाल्या, सगळे गेले. दाराबाहेर सोनाबाई डबा भरत होत्या. पाऊस त्याही वर्षी रुसलेलाच.

"बाई," त्या वर न बघता म्हणाल्या, "नवं मशीन लई पळतंय."

"हो ना! चांगलं आहे की, मावशी."

"चांगलं कसलं? चहाला बी बसत न्हाईत दोघं आता. त्याला जरा दमानं घे म्हनावं. माझा ऊस अजून उभा हाय."

मी आत गेले, सीची फाईल उघडली, घोटण्याच्या आकड्यापुढं शून्यं वाढवली आणि तपासून बघितलं. तशीही मशीन वेगवान झाली की चोरही वेगवान होतो, आणि घोटणं वाढवावंच लागतं. पुढं पुण्याला मी हे मोठमोठ्या साहेबांना फळ्यावर गणित मांडून समजावलं. सोनाबाईंचं कारण मात्र तिथं कधी सांगितलं नाही.

सोमवारी तिघं आले. शब्द घातले आणि सवयीनं उठायला लागले, तर पडदा रिकामाच. चेअरमनसाहेबांनी घड्याळ बघितलं. "बाई, हे बी जुन्यावानीच निघालं की."

बापू चहा घेऊन आला. अण्णांनी खुर्ची पुढं ओढली आणि चहा बशीत ओतला. "घोटू द्या की निवांत," ते चेअरमनसाहेबांना म्हणाले. "घाई कुनाला हाय?"

तालुक्यात सगळ्यात जास्त घाई असलेली बाई दाराबाहेर बादलीशेजारी बसली होती. तिनंही बादलीत डबा बुडवला, अगदी निवांत.